वाकलोच आहे तर आणखी काही उचलायचंय का? (जुनाट कंबरदुखी आणि रोजच्या हालचाली)

अर्धवट_वाकलेला
अडीच वर्षं झाली. दुखणं किती असं विचारलं तर दहापैकी तीन-चार, क्वचित सहा. म्हणजे कण्हत पडावं असं काही नाही. वैताग दुखण्याचा कमी आणि त्यापायी रोजच्या साध्या हालचालींची जी सर्कस झाली आहे तिचा जास्त.

उदाहरणं देतो. चूळ भरायला बेसिनवर वाकायचं तर आधी डावा हात काठावर जातो. हे मी ठरवलेलं नाही, हाताला आपोआप कळतं. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत शोधतो, मग रुमाल. पेन खाली पडलं तर लगेच वाकत नाही. आसपास आणखी काय पडलंय ते बघतो, एका वाकण्यात तीन कामं व्हायला हवीत. गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकदम बाहेर काढून दाराला धरून उभा राहतो आणि मग आखडलेली कंबर सुटेपर्यंत चार पावलं बदकासारखी.

आणि मोजे. उजवा जमतो. डाव्यासाठी पलंगावर बसून, पाय लांब करून, मोजा जाळ्यासारखा फेकायचा आणि अंगठा सापडेपर्यंत प्रयत्न करायचे. परवा पाचव्या फेकीला सापडला.

कपाटाखाली शर्टाचं एक बटण गेलंय. चार महिने रोज बघतोय त्याच्याकडे. तेही बघतं.

तर प्रश्न असा: तुमची कुठली हालचाल गेली, कुठली परत आली आणि कशी? तेल, लेप, पट्टे नकोत, त्यांचे वेगळे धागे आहेत.

लांबटांग
मोज्याची फेक!! हसू नये पण हसलो, आणि हसताना कमरेत चमक आली. फेडली परतफेड.

ताईगिरी
माझी कूस गेली होती. कूस बदलणं ही हालचाल आहे हेच मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. रात्री तीनदा जाग यायची, दर वेळी आधी मनात तयारी, मग गुडघे वर, मग श्वास रोखून "एक दोन तीन" आणि वळण. नवऱ्याला वाटायचं मी झोपेत आकडे मोजते.

आता जमतं ते असं: गुडघे वाकवून जवळ घ्यायचे आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं ओंडक्यासारखं एकदम वळवायचं. पलंगावरून उठतानाही तसंच. कुशीवर यायचं, पाय खाली सोडायचे, सोडतासोडता हाताने अंग वर ढकलायचं. आणि श्वास रोखायचा नाही! तो रोखणंच सोडवायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

शंकासुर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीन-चार दुखणं सगळ्यांनाच असतं. वय झालं की कंबर धरायचीच. इतकं लक्ष दिलं तर निरोगी माणसालाही मोजे जड जातील.

अंगणवेल
@शंकासुर, माझ्या नवऱ्याला आहे हे, मला नाही, तेव्हा मी तटस्थ साक्षीदार समजा. पहिलं वर्षभर मीही असंच म्हणायचे. प्लास्टर नाही, जखम नाही, माणूस चालतोय, बोलतोय, मग पिशवी का नाही उचलत? लग्नसमारंभात पाहुण्यांसमोर ताठ उभा आणि घरी आल्यावर बूट काढायला मी. मला वाटायचं सोयीस्कर दुखणं आहे.

डोळे उघडले ते एका साध्या गोष्टीने. आम्ही रस्त्याने चालत होतो, मी मागून हाक मारली. त्याने मान वळवली नाही. आधी पाय, मग अख्खं अंग, कपाट फिरवतात तसं वळवलं. त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, मी असा वळतो? त्याला पत्ताच नव्हता. नाटक करणाऱ्याला पत्ता असतो.

सांधेजोड
फिजिओथेरपिस्ट आहे, इथे बरेच दिवस नुसती वाचत होते. अंगणवेल यांचं निरीक्षण नेमकं आहे. एरवी चालताना छाती आणि कटी थोड्या उलटसुलट फिरतात. जुनाट कंबरदुखीत बऱ्याच जणांचं हे फिरणं कमी होतं, दोन्ही भाग एकाच ठोकळ्यासारखे चालतात आणि वेगही मंदावतो.

वाकण्याचंही असंच. निरोगी माणूस उभ्याने पूर्ण खाली वाकला की शेवटच्या टप्प्यात कण्यालगतचे लांब स्नायू जवळजवळ गप्प होतात, भार अस्थिबंध आणि इतर ऊतींवर जातो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५१ मध्ये हे नोंदवलं होतं. जुनं दुखणं असलेल्या अनेकांत हे स्नायू गप्प होतच नाहीत, पहारा सोडत नाहीत. म्हणजे पेन उचलायला वाकलेल्या माणसाची पाठ पोतं उचलल्यासारखी कामाला लागलेली असते. सुरुवातीच्या दिवसांत हा पहारा उपयोगाचा असेल. अडीच वर्षं तो चालू राहिला तर पहारेकरीच दमून दुखायला लागतो.

@अर्धवट_वाकलेला, तुमचा बेसिनवरचा हात हाच पहारा आहे.

अर्धवट_वाकलेला
म्हणजे बिनपगारी वॉचमन. आणि काढता येत नाही.

मोडेनपण
आयडीवरून कळलंच असेल. माझा एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज आहे, मधली चकती बाहेर फुगलीय, एमआरआयमध्ये स्पष्ट लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी मला स्वच्छ सांगितलं होतं की आयुष्यात पुढे वाकायचं नाही. मी वाकत नाही. खालचं काही हवं असेल तर गुडघ्यांत बसतो, पाठ सरळ. खालचे ड्रॉवर बायकोचे, वरचे माझे. सहा वर्षांत एकदाही उसण भरलेली नाही. तेव्हा "पहारा सोडा" वगैरे सल्ले जपून द्या.

सांधेजोड
पहारा एका दिवसात सोडा असं मी म्हणणारच नाही. पण बल्जबद्दल. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला, एकूण ३११० जण. विशीतल्यांपैकी ३० टक्क्यांत बल्ज होता, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. डिस्कची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६. दुखत नसताना, बरं का! म्हणजे बल्ज कधीच कारण नसतो असं नाही, पायात कळ उतरत असेल, नस दबली असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसत्या त्या एका ओळीवर सहा वर्षं न वाकणं मला महाग वाटतं.

एक विचारू? आता वाकून बघायची भीती वाटते का?

मोडेनपण
भीती नाही. शिस्त.

ताईगिरी
:)

कुंभकर्ण
गादीचं काय? मला घट्ट फळीवर झोपायला सांगितलं होतं. दोन महिने झोपलो, सकाळी मीच फळी झालो.

सांधेजोड
फळीचा सल्ला मागे पडला. २००३ मध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर प्रयोग झाला होता. घट्ट गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांना झोपताना-उठतानाचं दुखणं आणि रोजची अडचण कमी राहिली.

अंगणवेल
आमच्याकडे फळी अजून कॉटखाली आहे. काढायला वाकणार कोण?

आजी_चालल्या
मी ७४. तुम्ही सगळे वाकायला घाबरता, माझं उलटं आहे. मला वाकलं की बरं वाटतं आणि ताठ उभं राहिलं की पाय भरून येतात, शिशाचे होतात. सरळ चालत दहा मिनिटंही जात नाहीत. पण सामानाची ढकलगाडी हातात द्या, तिच्यावर रेलून अर्धा तास फिरते. सुनेला वाटायचं सासूबाईंना खरेदीचा भारी उत्साह. मणक्यातला मार्ग अरुंद झालाय, स्टेनोसिस म्हणतात. पुढे झुकलं की नसांना जागा मिळते. स्थिर सायकलवर मी तुमच्यातल्या कोणालाही हरवीन.

तेव्हा मोडेनपण बाळा, तुझी शिस्त माझ्या कामाची नाही आणि माझी तुझ्या.

मोडेनपण
आजी, नमस्कार. वाकून करता येत नाही, मनापासून आहे.

आजी_चालल्या
पोचला. गुडघ्यांत बसून केलास ना?

पंचविशी
मी २६ चा आहे, जिम नियमित. तरी मला सकाळी सगळ्यात वाईट. उठल्यावर बूट घालणं अशक्य, तासाभराने सैल होतं. रविवारी लोळलो तर दिवसभर लाकूड, व्यायाम केला की मोकळं. पहाटे चारच्या सुमाराला दुखून जाग येते, उठून खोलीत फेऱ्या मारतो मग झोप लागते. सात-आठ महिने झाले. मित्र म्हणतात डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलायचा व्यायाम) चुकत असेल. सकाळी सगळ्यांचंच आखडतं ना?

लांबटांग
सगळ्यांचं आखडतं. रात्री डिस्क पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी आपण सेंटिमीटरभर उंच असतो आणि वाकायला कडक. मी तर उठल्यावर लगेच वाकायची कामं ठेवतच नाही. दाढी आधी, बूट शेवटी. या एका बदलाने माझा बराच फरक पडला. जिम आठवडाभर बंद ठेव, बघ.

सांधेजोड
लांबटांग यांचा क्रम चांगला आहे. उठल्याउठल्या वाकणं टाळून दुखणं कमी झाल्याचं १९९८ च्या एका अभ्यासातही दिसलं होतं. पण @पंचविशी, तुमचं मला वेगळं वाटतंय आणि जिम बंद करू नका. कमी वयात हळूहळू सुरू झालेलं, अर्ध्या तासाहून जास्त सकाळचा ताठरपणा, उत्तररात्री जाग, आरामाने वाढतं आणि हालचालीने कमी होतं, हे सगळं एकत्र असेल तर सांध्यांच्या दाहाचा आजार आहे का ते बघायला हवं. संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. हे निदान नाही, धाग्यावर निदान होत नसतं. पण डेडलिफ्टवर ढकलून बसू नका. घरात कुणाला असं काही आहे का, डोळा लाल होऊन दुखला होता का, तेही त्यांना सांगा.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सगळ्यांसाठी: मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसतो त्या भागाला बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा कळेनाशी होणं, पायातली ताकद झपाट्याने जाणं, यातलं काही झालं तर इथे लिहीत बसू नका, तडक इमर्जन्सीला जा. ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, यांच्यासोबतचं नवं दुखणंही लवकर दाखवा.

पंचविशी
गेल्या वर्षी डोळा लाल झाला होता. दुखत होता. त्याचा कमरेशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येईल? वेळ घेतो.

शंकासुर
बरं, मी माझे शब्द थोडे मागे घेतो. पण मूळ मुद्दा उरतोच. दुखणं मोजायचं कसं? तीन-चार म्हणजे काय?

ताईगिरी
मला पहिल्या भेटीत ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली भरायला दिली होती, १९८० पासूनची आहे म्हणे. दहा भाग. त्यातला फक्त एक "किती दुखतं" यावर. बाकी सगळं अंघोळ-कपडे, उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास, माणसांत जाणं आणि हो, शरीरसंबंधही. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण.

मी भरताना "बसणं" या प्रश्नाला अडकले. तासाभरापेक्षा जास्त बसता येत नाही अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी म्हटलं, छे, मी तर बसते की. मग आठवलं, मी नाटकाला जाणं तीन वर्षांपूर्वीच बंद केलंय. कारण विचारलं तर वेळ नाही म्हणायचे. कडेची खुर्ची मिळाली नाही तर नको, मग कडेची असली तरी नको, मग विषयच बंद. हे दुखण्याच्या खात्यात मी कधी मांडलंच नव्हतं.

@शंकासुर, तीन-चार म्हणजे हे.

अंगणवेल
शरीरसंबंधाचा तो प्रश्न नवऱ्याने रिकामा सोडला होता आणि घरी येऊन दोन दिवस गप्प होता. मग आम्ही बोललो. दीड वर्षात पहिल्यांदा. एवढंच लिहिते.

कुंभकर्ण
पट्ट्याबद्दल बोलायचं नाही असं धागाकर्त्याने सांगितलंय, तरी बोलतो. मी पट्टा लावला की चालतो, काढला की घाबरतो.

सांधेजोड
मग पट्टा कमरेला नाही, भीतीला बांधलाय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) सरसकट देऊ नका असंच आहे. व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती देणं यांची शिफारस आहे. एकदम फेकू नका, आज पाच मिनिटं कमी लावा.

लांबटांग
माझी परत आलेली हालचाल सांगायची राहिली: बूट उचलणं. पेन, बूट, किल्ली असलं हलकं काही असेल तर एका हाताने टेबल धरतो, एका पायावर झुकतो, दुसरा पाय मागे तराजूसारखा वर जातो. कंबर जवळजवळ सरळ राहते, सगळं खुब्यातून. ऑफिसात पहिल्यांदा केलं तेव्हा सहकाऱ्याला वाटलं मी नाचतोय. भांडी घासताना किंवा इस्त्री करताना एक पाय छोट्या स्टुलावर, दर थोड्या वेळाने पाय बदलायचा. उभं राहणं तिप्पट वेळ जमतं.

चालण्याचंही सांगतो. एक प्रयोग २०२४ मध्ये आला, ७०१ माणसं, कंबरदुखीच्या झटक्यातून नुकतीच बरी झालेली. ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि सोबत थोडी शिकवणी दिली, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांतल्या निम्म्यांचं ११२. मी तेव्हापासून दिव्याच्या खांबांच्या हिशोबाने चालतो. दर आठवड्याला एक खांब जास्त, मग दुखो वा न दुखो. ज्या दिवशी झकास वाटतं त्या दिवशीही जास्त नाही. ते न पाळल्याने दोनदा आपटलो आहे. बरं वाटलं म्हणून अख्खी बाग खणली आणि पुढचे चार दिवस छताकडे बघत.

ताईगिरी
बरं वाटल्याच्या दिवशी घात होतो, अगदी! खिडक्या. माझ्या बाबतीत खिडक्या पुसणं.

मोडेनपण
एक प्रश्न, सहज. वाकायचं असेलच तर सुरुवात कुठून करतात?

आजी_चालल्या
आली स्वारी.

सांधेजोड
खुर्चीत बसून. पाय थोडे फाकवून, हात मांड्यांवर, तिथून नडगीकडे घसरवत जायचं, श्वास सोडत. जिथे ताण वाटतो तिथे थांबायचं, परत यायचं. चार-पाच वेळा, दिवसातून दोनदा. पायात कळ उतरली तर थांबा आणि दाखवा. उद्याच जमिनीला हात लावायचा नाहीये. आणि तुमच्या सहा वर्षांत उसण भरली नाही ही चांगलीच गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही.

मोडेनपण
सहज विचारलं होतं.

*(यानंतर धागा सहा आठवडे शांत होता.)*

पंचविशी
धागा वर काढतो. संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. रक्ततपासणी आणि कटीच्या सांध्यांचा एमआरआय झाला. दाह आहे, उपचार सुरू झाले. पोहायला सांगितलंय, लोळायला नाही. चार वाजताची जाग आठवड्यात दोनदा येते, पूर्वी रोज यायची. सांधेजोड, काय लिहू. आभार.

सांधेजोड
छान झालं वेळेत गेलात ते. औषधं स्वतःहून बंद करू नका, बरं वाटलं तरी.

मोडेनपण
नडगीच्या मध्यापर्यंत. इतकंच.

ताईगिरी
नाटकाला गेले. मधल्या रांगेत. मध्यंतरात मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले, पण दुसरा अंक पूर्ण बसून.

शंकासुर
माझी उसण भरली आहे. रविवारी, कुंडी सरकवताना. कोणी काही बोलू नका.

आजी_चालल्या
मोजे घालून बघ रे, लक्ष देऊ नकोस म्हणजे जड जाणार नाहीत.

शंकासुर
घाव बरोबर बसला. पण किती दिवस पडून राहायचं?

सांधेजोड
शक्य तितकं कमी. ताज्या दुखण्यात दोन दिवसांच्या आणि सात दिवसांच्या सक्तीच्या आरामाची तुलना १९८६ मध्येच झाली होती. सात दिवसांनी जास्त फायदा काही झाला नाही, कामावरच्या रजा तेवढ्या वाढल्या. उठा, घरात फिरा, जमेल ते करा. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. तीन महिन्यांनीही राहिलं तर त्याला जुनाट म्हणायचं, मग या धाग्यावर या.

अर्धवट_वाकलेला
मी धागाकर्ता, अजून जिवंत. इतके दिवस लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही होत नव्हतं.

हिशोब देतो. दुखणं अजून तीन-चारच आहे. कधीकधी पाच. तिथे काही हललं नाही. खुर्चीतलं वाकणं पहिले पंधरा दिवस रागारागाने केलं. मोजा आता फेकत नाही. डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतो, श्वास सोडतो आणि घालतो. पहिल्यांदा जमला तेव्हा तो काढून परत घातला, खात्री करायला. बेसिनवर हात अजून जातो, पण आता जाताना मला दिसतो, आणि दोन-तीनदा मी त्याला खिशात परत पाठवला. शिंकेला भिंत लागतेच. त्या बाबतीत मी काही बदलणार नाही.

बटण काढलं. गुडघे टेकवून, एक हात जमिनीवर, दुसरा कपाटाखाली. सोबत दोन पिना आणि एक नाणं निघालं.

शर्ट मात्र मध्यंतरी बायकोने फरशी पुसायला घेतला.

अंगणवेल
आणि आता त्या शर्टाने फरशी कोण पुसतं?

अर्धवट_वाकलेला
मीच. लांब दांड्याच्या मॉपला गुंडाळून, उभ्याने.